बाईंची अमेरिका

स्वामी बाईंनी मला जेवढे धक्के दिले तेवढे माझ्या दुकानातल्या लाइटच्या बोर्डानंही दिले नाहीत. आणि तो बोर्ड काही गरीब नव्हता. पावसाळ्यात त्याला हात लावायच्या आधी मी पायात रबरी चप्पल आहे ना, हे बघून घ्यायचो. मानवतच्या बसस्टँडसमोर तेव्हा माझं इंटरनेट सेंटर होतं. आता त्याच जागेत मी मोबाइलची कव्हरं विकतो आणि लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. परवा कॉलेजातली एक मुलगी आली होती. बोलता बोलता मी तिला सांगितलं, की पूर्वी लोक स्वतःची वेबसाइट स्वतःच्या हातानं बनवायचे, एकेक ओळ लिहून. ती म्हणाली, "कशाला पण, काका? सरळ अकाउंट उघडायचं ना." तिचं काही चुकलं नाही. पण कशाला, याचं उत्तर मला ठाऊक होतं, आणि ते काउंटरवर उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथं लिहायला बसलो आहे.

बाई म्हणजे निर्मला स्वामी. आमच्याच गल्लीतल्या. गल्लीच्या तोंडाला जी प्राथमिक शाळा आहे तिथं त्यांनी आयुष्यभर पहिलीचा वर्ग सांभाळला, त्यात मीही होतो. उंच, काटक, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि चालणं असं, की समोरचा माणूस आपोआप बाजूला व्हायचा. त्यांचे मालक शिवलिंगअप्पा. मोंढ्यात, म्हणजे मार्केट यार्डात, त्यांची अडत होती. कापूस, तूर, जे येईल ते. अप्पा गावात कमी बोलणारा आणि शब्दाचा पक्का माणूस म्हणून ओळखले जायचे. बाई मात्र बोलायच्या. शाळा सुटून वर्षं झाली तरी रस्त्यात दिसल्या, की आधी नखं बघायच्या. माझं लग्न झाल्यावरसुद्धा एकदा भर बाजारात त्यांनी मला हात पुढं करायला लावला होता. बायको शेजारी उभी राहून हसत होती.

निवृत्त झाल्यावर एके दिवशी दुपारी त्या माझ्या सेंटरमध्ये आल्या. त्या काळात लोक माझ्याकडं रिझल्ट बघायला यायचे, नोकरीच्या जाहिराती बघायला यायचे, आणि काही पोरं जे बघायला यायची ते बघू नये म्हणून मी मध्येमध्ये उगाच चक्कर मारायचो. बाई आल्यावर ती सगळी पोरं ताठ बसली. बाईंनी पिशवीतून फडकं काढलं, रिकाम्या कॉम्प्युटरचा पडदा स्वच्छ पुसला, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "परकाश, मला वेबसाइट शिकव."

ज्या बाईंनी माझी बोटं धरून मला अ काढायला शिकवला त्या मला 'शिकव' म्हणत होत्या. मी आपला उभाच. बाई बसलेल्या असताना आपण बसायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. शेवटी त्याच म्हणाल्या, "बस रे. आता तू मास्तर हायस."

मला वाटलं, दोन दिवसांची हौस आहे. पण बाईंनी पिशवीतून चक्क पाटी काढली. मी पडद्यावर दाखवायचो ते त्या आधी पाटीवर लिहायच्या, पुसायच्या, पुन्हा लिहायच्या, आणि मगच कीबोर्डला हात लावायच्या. वेबपान लिहिताना प्रत्येक गोष्टीला एक सुरुवातीची खूण लागते आणि एक शेवटची. ठळक अक्षर सुरू, ठळक अक्षर बंद. हे समजल्यावर बाई एवढ्या खूश झाल्या, की विचारू नका. "उघडलेलं लावायचं. लय चांगलं हाय हे. माणसांना न्हाई कळत, मशिनीला कळायलंय," असं म्हणून त्यांनी शेजारच्या पोराला उठवून दुकानाचं उघडं राहिलेलं दार लावायला पाठवलं.

वेबसाइटचं नाव 'स्वामी बाईंची शाळा'. एका परदेशी कंपनीची फुकट जागा होती, तिथं ती मांडली. ही जागा अमेरिकेत आहे, असं मी बाईंना सांगितलं होतं. तिचा रंग आठवला, की अजून माझे डोळे मिटतात. बाईंना मिरचीसारखा लाल भडक रंग हवा होता. मी म्हटलं, बघणाऱ्याचे डोळे दुखतील. त्या म्हणाल्या, दुखले तर ध्यानात राहील. वरच्या बाजूला अक्षरं इकडून तिकडं सरकत जायची, तिथं त्यांनी लिहिलं होतं: 'या, बसा. चपला काढल्या नाहीत तरी चालेल.' तेव्हा मराठी अक्षरांचं मोठं दुखणं असायचं; आपण इथं लिहिलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर चौकोन होऊन दिसायचं. बाईंनी त्यावर उपाय काढला. सगळं त्यांनी ड्रॉइंगच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून आणलं आणि मला स्कॅन करायला लावलं. त्यामुळं ती वेबसाइट म्हणजे बाईंचा फळाच होता. तेच टपोरं अक्षर, त्याच कविता, तीच आंब्यापेरूंची गणितं. पान किती वेळा उघडलं गेलं, हे दाखवणारा आकडा खाली असायचा. बाई त्याला हजेरी म्हणायच्या आणि हजेरी वाढली, की माझ्याकडं असं बघायच्या, जणू मीच पोरं घरोघर जाऊन गोळा करून आणली.

सगळं झाल्यावर त्यांनी आणखी एक छोटा कागद दिला. त्यावर पेन्सिलीनं एक दार काढलं होतं. उंबरा, कडी, वर आंब्याचं तोरण. हे पानाच्या अगदी तळाला, कोपऱ्यात लावायचं म्हणाल्या. त्यावर टिचकी मारली, की आतली खोली उघडली पाहिजे.

"आतल्या खोलीत काय ठेवायचं, बाई?"

"बघू. आधी खोली तर बांध."

बांधली. काही दिवस ती लाल खोली रिकामीच होती.

मग तो आठवडी बाजाराचा दिवस आला. बाईंसाठी मी एक ईमेल काढून दिला होता, त्यावर एक पत्र येऊन पडलं होतं, सोबत फोटो. बाई शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, उघड. त्या काळात फोटो उघडायचा म्हणजे बस सुटायची वाट बघण्यासारखं. वरून एकेक पट्टी खाली यायची. आधी भिंत आली. मग केस, मधोमध भांग. मग कपाळ. डोळ्यांपर्यंत फोटो उतरला आणि मी खुर्चीवरून उठलो. 

ती महानंदा होती. बाईंची एकुलती एक मुलगी. माझ्यापेक्षा एका वर्षानं लहान, शाळेत आमच्यापुढं पळणारी. आणि महानंदा मेलेली होती. नाशिकला शिकायला होती, तिथं कावीळ झाली, तिथंच गेली, तिथंच माती दिली, असं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पांनी गावात शिवगणाराधना केली होती. त्यांच्या समाजात माणूस गेल्यावर जेवण घालतात ते. त्या पंगतीत मी जेवलो होतो. नको नको म्हणताना पानात दुसऱ्यांदा बुंदी पडली होती आणि मी ती खाल्ली होती. आणि इथं माझ्या दुकानात ती अर्धी उतरलेली, माझ्याकडं बघत होती. हळूहळू नाक आलं, हसणं आलं, मग कडेवरचं तान्हं पोर आलं.

मी बाईंकडं बघितलं. त्या पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या होत्या, की काचेवर त्यांचा श्वास दिसत होता.

"ओम नाव ठेवलंय," एवढंच म्हणाल्या.

 मी बाहेर जाऊन टपरीवरून दोन चहा आणले आणि दोन्ही मीच पिऊन टाकले. मग बाईंनी सांगितलं. त्यांच्या आवाजात रडणं नव्हतं, वर्गात धडा समजावून सांगतात तसं सांगितलं. महानंदानं नाशिकला जातीबाहेर लग्न केलं. अप्पांनी घरात येऊन गळ्यातलं इष्टलिंग हातात घेतलं आणि म्हणाले, मी हे उतरवून ठेवतो. लिंग उतरवायचं म्हणजे त्या माणसानं जिवंतपणी स्वतःला मेलं म्हणायचं. बाई त्यांच्या पाया पडल्या. तेव्हा अप्पांनी बाईंच्या गळ्यातल्या लिंगावर बाईंचाच हात ठेवून शपथ घ्यायला लावली. तिला उंबऱ्यात घ्यायचं नाही. तिच्या उंबऱ्यात जायचं नाही. मानवतच्या शिवेच्या आत तोंडातून तिचं नाव काढायचं नाही. आणि गावाला ती मेली, असं सांगायचं.

लोक म्हणायचे, बाई किती खंबीर, लेकीचं नावसुद्धा काढत नाहीत. मीही म्हणायचो.

"मग बाई, हे सगळं?" मी पडद्याकडं बोट दाखवलं. नवऱ्याचा सोडा, देवाचा शब्द त्या मोडणार नाहीत, हे मला माहीत होतं.

"मी कुठं काय मोडायलेय?" बाई म्हणाल्या. "शपथ मानवतची हाय. तूच म्हणलास ना, ही जागा अमेरिकेत हाय? फोनवर बोलले तर आवाज हितं निघंल. म्हणून फोन न्हाई केला, एकदाबी न्हाई केला. ह्याच्यात हितं नुस्ती बटनं वाजत्यात. नाव निघतंय तिकडं."

आजवर मी वकिलांचे अर्ज टाइप केले, पुढाऱ्यांची भाषणं टाइप केली, पण असं बिनतोड बोलणं कुणाचं ऐकलं नाही. लेकीचा ईमेल पत्ता त्यांना तिच्या एका जुन्या मैत्रिणीनं दिला होता, आणि त्या एका पत्त्यासाठी बाई पाटी घेऊन माझ्या दुकानात आल्या होत्या. मला वाटत होतं, मी त्यांना हौस म्हणून शिकवतोय. त्या तर पायाखालची जमीन शोधत होत्या.

त्या दिवशी आतल्या खोलीत पहिला कागद लागला. बाईंनी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'महानंदा'. बाकी काही नाही. मी ते पान चढवायला लागलो आणि अर्ध्यात लाइट गेली. लाइट येईपर्यंत बाई अंधारलेल्या दुकानात बसून राहिल्या. आल्यावर पुन्हा चढवलं. पान उघडलं तेव्हा त्यांनी हात जोडले नाहीत की डोळे पुसले नाहीत. फक्त ओठ हलवून, आवाज न काढता, ते नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मी बाहेर बघत बसलो.

पुढची काही वर्षं ती खोली भरत गेली. महानंदा फोटो पाठवायची, बाई त्याखाली आपल्या अक्षरात काहीतरी लिहायच्या. ओम बसायला लागला. ओम बागेत. ओमचा दात आला तेव्हा त्या पानाला बाईंनी पिवळी चौकट लावून घेतली, आणि लाल रंगावर ती पिवळी चौकट इतकी भयंकर दिसत होती, की मी हरकत घेतली. त्यांनी ऐकलं नाही. ओम थोडा मोठा झाल्यावर त्याच्यासाठी गणितं सुरू झाली. 'महानंदाने सहा पेरू आणले. ओमने दोन खाल्ले. आजीला किती उरले?' हे गणित चढवताना मी तोंड फिरवून उगाच प्रिंटर झटकत बसलो.

मध्ये एकदा मलाच बाईंना धक्का द्यावा लागला. मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा पुण्याहून आला होता. त्यानं सहज 'मानवत' शोधलं तर 'स्वामी बाईंची शाळा' निघाली, आणि तो कौतुकानं माझ्या दुकानात चार जणांना दाखवत बसला. दार कुणाच्या लक्षात आलं नाही. मी जाऊन बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याला कसं दिसलं? पासवर्ड तर तुझ्याकडं हाय ना?"

तेव्हा मला कळलं, की बाई इतके दिवस पासवर्डला घराचं कुलूप समजत होत्या. मानवतमध्ये ती खोली फक्त माझ्याच दुकानात उघडते, किल्ली माझ्याकडं आहे, असा त्यांचा समज. मी समजावून सांगितलं, की किल्ली फक्त सामान लावायला लागते, बघायला कुणीही येऊ शकतं. बाई भिंतीला टेकल्या. मानवतात? मानवतात. सेलूत, परभणीत? सगळीकडं.  मला वाटलं, आता म्हणतील काढून टाक.

मग म्हणाल्या, "दिसू दे. मी नाव लिवलंय, घेतलं न्हाई."

पण तेव्हापासून अप्पा ताटावर बसले, की बाई वाढता वाढता त्यांचं तोंड न्याहाळायच्या. आज बोलतील, उद्या बोलतील. अप्पा काही बोलले नाहीत. त्यांना कॉम्प्युटरमधलं काय कळतंय, असं बाई म्हणायच्या, आणि मलाही तेच वाटायचं.

आणि मग ती कंपनीच बुडाली की विकली गेली, कोण जाणे. एका सकाळी वेबसाइट उघडली तर काहीच नाही. पांढऱ्या पानावर इंग्रजीत एक ओळ, की ही सेवा आता बंद आहे. आधी सूचना दिली होती म्हणे. आम्हाला तरी ती कुठं दिसली नाही. शाळा गेली, हजेरी गेली, दार गेलं, खोली गेली. मी दोन दिवस वेड्यासारखा शोधत होतो. बाई आल्यावर मी त्यांना पडदा दाखवला. त्यांनी पिशवीतलं फडकं काढून पडदा पुसला. पुसल्यावर तरी दिसेल, असं त्यांना वाटलं असावं. मला बघवलं नाही.

"माणूस घर पाडताना शेजाऱ्याला तर सांगतंय," त्या म्हणाल्या. "ही कसली माणसं रे?"

महानंदानं लिहिलं, आई, तू नवीन ठिकाणी खातं उघड, आता सगळे तिकडंच आहेत, फोटो टाकायला सोपं. तेव्हा नव्या साइटींची हवा सुरू झाली होती. मी बाईंना खातं उघडून दिलं. त्यांनी आधी रंग विचारला. रंग बदलता येत नाही, म्हटलं. दार कुठं काढायचं? दार नसतं, म्हटलं. मग बाजूला माणसांची चित्रं यायला लागली, ओळखीचे म्हणून. मोंढ्यातला तो व्यापारी. त्याचा मुलगा. अप्पांचा पुतण्या. शाळेतल्या दुसऱ्या बाई. सोनार. बाई एकेक नाव वाचत गेल्या आणि मग त्यांनी हात मागं घेतला.

"परकाश, हे तर मानवतच हाय."

 बरोबरच होतं त्यांचं. आख्खं गाव तिथं येऊन बसलं होतं. शिवेबाहेरची म्हणून बाईंना जी एवढीशी जागा सापडली होती ती जगातूनच संपली होती. "अमेरिका सरली म्हण की," असं म्हणून बाई उठल्या. पाटी खुर्चीवरच राहिली, ती मला नंतर दिसली.

तेव्हापासून बाई दुकानात यायच्या बंद झाल्या. रस्त्यात दिसल्या तर नखं बघेनात. पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या वाटल्या. हे असंच विझत जाणार, असं मी धरून चाललो होतो, आणि तेवढ्यात शिवलिंगअप्पा माझ्या दुकानात शिरले.

अप्पा माझ्या दुकानात पूर्वी कधीच आले नव्हते. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. त्यांनी कीबोर्डकडं बोट दाखवलं.

"ते दार दिसंना झालंय," अप्पा म्हणाले.

 मी विचारलं, कुठलं दार?

"तळाचं. तोरणाचं. मी सेलूला जातोय ना कापसाच्या भावाला, तिथं एका पोरानं दाखवलं होतं, बाईंची शाळा म्हणून. आत नुस्तं नाव होतं, तवापासून उघडून देतोय मला. आता न्हाई म्हणतोय, सगळंच गेलंय म्हणतोय." मग थांबून म्हणाले, "लेकराचा दात पडला होता म्होरला. नवीन आला का न्हाई, कळायला मार्ग न्हाई."

 हा माणूस पहिल्यापासून बघत होता. शिवेबाहेर जाऊन, सेलूच्या कुठल्यातरी सेंटरमध्ये टोपी गुडघ्यावर ठेवून, बायकोनं काढलेल्या दारावर टिचकी मारून आत शिरत होता. ओमच्या दाताची पिवळी चौकट त्यानं पाहिली होती. पेरूचं गणित वाचलं होतं. आणि संध्याकाळी मानवतला परत येऊन बाईंच्या हातची भाकरी न बोलता खात होता. मी म्हटलं, अप्पा, ते परत येणार नाही. ते म्हणाले, नवीन लाव. नाव नाही टाकलं तरी चालेल, फोटो तेवढे लाव. आणि घरी बोलू नको.

मी पोटात ठेवणारा माणूस नाही. शिवाय मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. वाटलं, आता दोघं बोलतील, रडतील, गाडीत बसून नाशिकला जातील आणि हे कुणामुळं झालं तर माझ्यामुळं. दुसऱ्याच दिवशी मी बाईंच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं. बाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"कवापासून?"

"पहिल्यापासून, बाई. सगळं बघितलंय त्यांनी."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो, कधी खुलतंय म्हणून. ते खुललं नाही. असा राग मी माणसाच्या चेहऱ्यावर आधीही पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

"मी भ्यायले," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं रोज ताट वाढताना भ्यायले. त्यांला कळलं तर काय हुईल म्हणून. अन् त्यांनी दात बघितला लेकराचा. माझ्या तोंडाला कुलूप लावलं अन् सवता खिडकीतनं बघत बसले. माझ्यासंगं एकदा तरी हसायचं होतं त्या दातावर."

सूप तिथंच ठेवून त्या उठल्या. मी मागं. बाई मोंढ्याकडं निघाल्या, तशाच, डोक्यावर पदर घेऊन. हंगामाचे दिवस, मोंढ्यात गाड्या उभ्या, हमालांची धावपळ. बाई कधी अडतीवर येत नसत, त्यामुळं लोक बघायला लागले. अप्पा गादीवर बसून एका शेतकऱ्याशी बोलत होते. बाई पायरीवर उभ्या राहिल्या आणि पहिलीच्या वर्गात शेवटच्या रांगेला ऐकू जावं तशा आवाजात म्हणाल्या:

"महानंदा जिती हाय."

काट्यावरचा हमाल पोतं तसंच धरून थांबला.

"महानंदा माझी लेक हाय. नाशकाला हाय. तिला ओम म्हणून पोरगा हाय. आमी तुमाला खोटं जेवण घातलं. महानंदा जिती हाय."

अप्पा उठून उभे राहिले. मला भीती वाटली, की आता ते गळ्याला हात घालतील आणि लिंग उतरवतील. सगळ्यांनाच वाटलं असावं. पण त्यांचा हात वर गेलाच नाही. त्या शेतकऱ्यानं हळूच विचारलं, अप्पा, खरं का हो? अप्पांनी मान हलवली. हो म्हणून.  

दोन दिवसांनी मी बाईंना मोटारसायकलवरून मानवत रोड स्टेशनला सोडायला गेलो. नाशिकला जायचं म्हणून एक पिशवी, एक लाडवांचा डबा. तिकीट मी काढून आणलं. गाडी यायला वेळ होता. तेवढ्यात रिक्षा येऊन थांबली आणि तिच्यातून अप्पा उतरले. धुतलेलं धोतर, नवी टोपी, हातात बॅग. दाढी करताना हनुवटीला कापलं होतं. ते येऊन बाईंच्या शेजारी बाकावर बसले, आपलंही ठरलेलंच आहे अशा थाटात. मला बरं वाटलं. मी म्हटलं, थांबा अप्पा, तुमचंही तिकीट आणतो.

"नगं आणू," बाई म्हणाल्या.

मी थांबलो. अप्पांनी त्यांच्याकडं बघितलं.

"तुमी नका येऊ," बाई त्यांना म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुमाला फोटो पुरत होता. मला न्हाई पुरला."

गाडी आली. बाईंनी पिशवी स्वतःच उचलली, मला हात लावू दिला नाही, आणि बायकांच्या डब्यात चढल्या. खिडकीत जागा मिळाली. मला वाटलं, गाडी हलायच्या आत त्या एकदा तरी वळून बघतील. पण समोरच्या बाकावर एक अनोळखी बाई बसल्या होत्या, आणि स्वामी बाई त्यांच्याशी बोलायला लागल्या होत्या. हात हवेत धरून पोराची उंची दाखवत होत्या. गाडी सुटता सुटता मला त्यांचे ओठ दिसले, आणि त्या काय नाव सांगत होत्या ते मला कळलं. अप्पांनाही कळलं. ते बॅग पायाशी ठेवून उभे होते. शेवटचा डबा जाईपर्यंत ते तसेच उभे राहिले, आणि मग मला म्हणाले, "चल, घरी सोड मला."